वस्ती उठायच्या आधी नाटक उभं करायचं असेल तर: नागपूरकडच्या नवख्यांसाठी

नोटीस आली, मोजणीवाले येऊन भिंतीवर लाल आकडे मारून गेले, आणि वस्तीतलं कुणीतरी म्हणालं, "आपण यावर पथनाट्य करू." इथपर्यंत बहुतेक सगळे येतात, घोडं अडतं ते यापुढे. ज्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर कधी स्टेजवर पाय ठेवला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नागपूर शहरातल्या झोपडपट्ट्या आणि कुही-भिवापूर-उमरेडकडची गावं डोळ्यांसमोर आहेत, पण बाकी विदर्भातही थोड्या फरकानं हेच चालेल.

नाटकानं बुलडोझर थांबत नाही, हे आधीच सांगून टाकते. तो थांबलाच तर न्यायालयाच्या स्थगितीनं, मुदतीत टाकलेल्या हरकतींनी, ग्रामसभेच्या ठरावानं नाहीतर रस्त्यावर उतरलेल्या संख्येनं थांबतो. मग नाटक कशाला? तर घरात नवऱ्यासमोरही मोबदल्याचा विषय न काढणारी बाई जनसुनावणीत माईक धरून तीन वाक्यं सलग बोलू शकली पाहिजे, म्हणून. प्रयोगाला टाळ्या पडल्या आणि सुनावणीत सगळे मुकाट बसले, तर माझ्या लेखी ते नाटक पडलं. खालच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच आहेत.

१. आधी नोटीस वाचा, संहिता नंतर

"विकासासाठी जागा घेताहेत" एवढ्या भांडवलावर लिहिलेलं नाटक कुठल्याही गावात खपतं आणि कुठल्याच गावाचं राहत नाही. हातात आलेल्या कागदावर कायद्याचं नाव आणि कलम असतं. त्यावरून तुमच्याकडे दिवस किती आहेत आणि बोलायची अधिकृत जागा कोणती, हे कळतं.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ११ ची अधिसूचना निघाली असेल तर हरकतीला ६० दिवस असतात. त्याआधी सामाजिक परिणाम मूल्यमापन होणार असेल, तर त्याची जनसुनावणी बाधित भागातच घ्यावी लागते. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्यानं जमीन जात असेल तर फक्त २१ दिवस. उमरेड भागातल्यासारखी कोळशाची जमीन असेल तर १९५७ चा वेगळा कायदा लागतो, त्यात कलम ७ च्या अधिसूचनेपासून ३० दिवस. शहरातल्या वस्तीचं गणित आणखी निराळं. वस्ती घोषित आहे (म्हणजे सरकारदरबारी झोपडपट्टी म्हणून नोंदलेली) की अघोषित, जागा महापालिकेची, सुधार प्रन्यासची, रेल्वेची की खाजगी, आणि १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा कुणाकडे आहे, हे घरोघर फिरून लिहून काढा. हे फिरणं वाया जात नाही, नाटकातले निम्मे प्रसंग तिथेच सापडतात.

पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नाटकाचा खरा उपयोग तिथे होतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ही सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करतं आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो. लोकांना किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. "आपण गेलोच नाही तर सुनावणी रद्द होईल" हा गावोगावचा लाडका गैरसमज आहे. तुम्ही नाही गेलात तरी ती होते, आणि मग त्यात तुमचा आवाज नसतो.

दिवस कमी असतील तर आधी हरकत टाका, नाटक मागून बसवा. संध्याकाळी दोन तास धरले तर नवख्या मंडळींना वीसेक मिनिटांचा प्रयोग बसवायला तीन-चार आठवडे सहज लागतात.

जुन्या प्रकल्पग्रस्तांना भेटल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नका. मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पात, गेलेली शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही गावं शहराला लागून आहेत. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ ला बसली. तेव्हा आईच्या कडेवर असलेलं पोर आज स्वतः बाप होऊन पुनर्वसन गावठाणात राहतं. भूखंड मिळाला पण ढोरं बांधायला जागा नाही, चेक मिळाला पण तो दोन वर्षांत कसा संपला, नवीन गावठाणात देवाची जत्रा कुणी भरवायची यावर भांडण कसं झालं, हे सगळं ती माणसं ओट्यावर बसल्या बसल्या सांगतात. असं काही कुठल्या अहवालात सापडत नाही.

२. ज्यांचं घर जातंय, तेच नट

कॉलेजची नाटकवाली पोट्टी हौसेनं येतात. त्यांना जरूर घ्या, पण ढोलकी धरायला, पाणी आणायला, तालमीत आरशासारखं समोर उभं राहायला. मुख्य भूमिका बाधितांच्याच पाहिजेत. अभिनय कच्चा असला तरी चालतो. लोक उभे राहून पाहतात ते "अरे, ही तर आपली सरुबाई" म्हणून, आणि हे एकदा झालं की पुढचं सोपं जातं.

आठ ते बारा माणसं पुरेत. त्यात निम्म्या बाया असाव्यात, तरणी-म्हातारी दोन्ही, आणि वस्तीतल्या सगळ्या जातींची, भाषांची माणसं. एकाच गल्लीची नटमंडळी निवडली की दुसरी गल्ली म्हणते, तुमचं नाटक तुम्हीच पाहा. कुणा पक्षाचा कार्यकर्ता म्हणून ओळखला जाणारा माणूस सूत्रधार करू नका, तो कितीही छान बोलत असला तरी.

तालमीची वेळ बायांना विचारून ठरवा. टँकर कधी येतो, स्वयंपाक कधी आटोपतो, कोण धुणीभांड्याला कुठवर जाते, हे न पाहता सहाची वेळ दिली की उरतात फक्त पुरुष आणि पोरं. धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत तालीम ठेवूच नका. उन्हाळ्यात ऊन उतरल्याशिवाय कुणी बाहेर येणार नाही, नागपूरचा मे महिना काय असतो ते मी सांगायला नको.

लहान मुलांना घर पडताना दाखवायचं काम देऊ नका. ज्यांनी खरोखर घर पडताना पाहिलंय त्यांना तर मुळीच नाही.

३. गोष्टी गोळा करा

गोल बसा. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं की भाषण येतं नाहीतर रडू येतं, दोन्ही नाटकाला लवकर उपयोगी पडत नाही. नेमकं विचारा. मोजणीवाले आले तेव्हा तुमच्या हातात काय होतं? नोटीस घरात कुणी वाचली, आणि वाचता येत नव्हती तर कुणाकडे नेली? घरातली अशी कोणती गोष्ट आहे जी टेम्पोत घालता येणार नाही?

या शेवटच्या प्रश्नाला उत्तरं येतात ती विहीर, चिंचेचं झाड, म्हसोबा, शेजारीण, उधारीवर देणारा किराणावाला. नाटक यातून निघतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, आणि ते वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कुणाची जमीन कुणाच्या नावावर आहे हे त्यात उघड होतं आणि भाऊबंदकी पेटते.

मग शब्द बंद करा. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी अन्याय सोसणाऱ्यांसाठी जी रंगभूमी उभी केली, तिच्यात पुतळ्यांचा एक सोपा खेळ आहे. एकजण बाकीच्यांना हात-मान वळवून उभं करतो, कोणी काही बोलत नाही, आणि "कचेरीतला दिवस" असं एक चित्र तयार होतं. जिला चार ओळी पाठ होत नाहीत तीही हे करते.

भूमिका वाटताना उलटं वाटा. जिचं घर जातंय तिला साहेब करा. असाच एकदा साहेब झालेल्या एका मावशींनी खुर्चीत बसल्यावर चष्मा नाकावर ओढला, फाईल उघडली आणि समोरच्याकडे वर मान करून पाहिलंच नाही. पानं उलटत राहिल्या. समोरचा बोलत असताना पेनाचं टोपण काढायचं, लावायचं, काढायचं. अर्जाचा कागद दोन बोटांनी पुढे सरकवून "सोमवारी या." गोल बसलेल्या सगळ्या बाया एकदम हसल्या, आणि मग हसू थांबलं, कारण त्या खुर्चीसमोर सगळ्याच उभ्या राहून आल्या होत्या. कुठल्याही नटाला हे शिकवून येणार नाही. मावशींना आणखी एक गोष्ट कळली, ती त्या दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या: वर पाहत नाही म्हणजे त्यालेही भेव वाटते.

४. भाषा: वऱ्हाडी विनोदासाठी नाही

मराठी नाटका-सिनेमांनी वऱ्हाडी-नागपुरी बोलीला फार वर्षं हसवण्याच्या कामाला लावलंय. त्यामुळे आपलीच माणसं तालमीत दोन चुका करतात. गंभीर प्रसंग आला की पुस्तकी मराठीत शिरतात, आणि बोली आली की तोंड वेंगाडतात. दोन्ही तोडा. माणूस सातबारा हातात धरून जसा बोलतो तसंच वाक्य ठेवा: "तुमी विहीर मोजली साहेब. थे दगडं माह्या सासऱ्यानं एकेक करून उतरवले, थे कुठी मोजले?" याचं "आमच्या पूर्वजांच्या श्रमांचे मूल्य कोण देणार" असं केलंत की संपलं.

शहरातल्या वस्त्यांमध्ये छत्तीसगढी आणि हिंदी बोलणारी घरं भरपूर आहेत, कुठे गोंडीही आहे. नाटक शुद्ध एका भाषेत ठेवण्याचा अट्टहास करू नका. नवरा मराठीत भांडतो, शेजारीण छत्तीसगढीत समजावते, शिपाई हिंदीत हाकलतो. नागपुरात असंच तर चालतं.

सरकारी भाषा मात्र जशीच्या तशी ठेवा. "निवाडा", "संपादित क्षेत्र", "सानुग्रह", "अतिक्रमणधारक". हे शब्द डफाच्या ठेक्यावर मोठ्यानं वाचले की त्यांचा विक्षिप्तपणा आपोआप दिसतो, आणि लोकांच्या कानाला त्यांची सवय होते. पुढे कचेरीत तेच शब्द ऐकल्यावर माणूस गांगरत नाही.

५. साचा घरचाच घ्या

काळे कुडते, लाल ओढण्या, गोल फिरत घोषणा हा पथनाट्याचा एक ठरलेला अवतार आहे. तो वाईट नाही, पण आपल्याकडे त्याहून जवळचं पुष्कळ पडलंय. खडी गंमत आहे: शाहीर, डफ, सवाल-जवाब, आणि सोंगाड्याला कुणालाही काहीही बोलायची मुभा. पूर्व विदर्भात दंडार आहे, गाणं-नाच-सोंगांचं लोकनाट्य. गावोगावी तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणारी मंडळं आहेत, म्हणजे सुरात गाणारी माणसं, पेटी आणि खंजिरी आयतीच मिळाली. वस्त्यांमध्ये भीमगीतं म्हणणारी पोरं असतात, त्यांच्याइतका बुलंद कोरस विकत घेऊन मिळत नाही. झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकमंडळ्यांतला, कुणी नट ओळखीचा असेल तर आवाज कसा फेकायचा हे त्याच्याकडून शिका, पण धानकापणी झाली की त्यांचा हंगाम लागतो, तेव्हा ते हाती लागत नाहीत.

आणि नागपूरकरांनो, मारबत विसरलात काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, सोबत बडगे, म्हणजे तसलेच पुतळे, निघतात, आणि त्या वर्षी लोकांना ज्यानं छळलं त्याचा पुतळा करून शहराबाहेर नेतात. "घेऊन जाय गे मारबत!" ही आरोळी इथल्या शेंबड्या पोरालाही येते. तुमच्या नाटकात खोट्या आश्वासनाचा बडग्या करा, सोमवारी-या साहेबाचा बडग्या करा. मात्र मूळ मिरवणुकीत घुसायचं असेल तर तिच्या मंडळांशी आधी बोला, त्यांची रीत आहे.

कथा अशी बांधा की चार प्रसंगांच्या वर जाऊ नये: नोटीस येते, घरात फूट पडते, कचेरी, आणि सुनावणी. घरातली फूट गाळायचा मोह होतो. गाळू नका. मोठ्या भावाला पैसा पाहिजे, धाकट्याला जमीन, बहिणीचं नाव सातबाऱ्यावर नाही, भाडेकरूला तर कुणी विचारतच नाही. सगळं गाव एकदिलानं लढतंय असं दाखवलं की पाहणारा मनातल्या मनात म्हणतो, आमच्याकडे असं नाही बाप्पा.

६. शेवट अर्धा ठेवा

हा प्रयोगाचा गाभा. सुनावणीच्या प्रसंगात नायिका हरते, असं दाखवा. ती बोलायला उठते, साहेब म्हणतो "मुद्द्याचं बोला", मागून कुणी हसतं, ती बसते. इथे सूत्रधार पुढे येतो आणि विचारतो: तुम्ही असता तर काय केलं असतं? प्रसंग पुन्हा सुरू होतो. पाहणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणायचं, आत यायचं, नायिकेच्या जागी उभं राहायचं. बोआल यांच्या पद्धतीतला हाच सगळ्यात उपयोगी भाग, आणि सुनावणीची तालीम होते ती इथेच.

नियम दोन. जागा घ्यायची ती सोसणाऱ्याची, साहेबाची नाही. साहेब अचानक देवमाणूस झाला तर सगळंच मिटतं, पण उद्या कचेरीत तसा साहेब भेटणार नाही. दुसरा, साहेब झालेल्या नटानं सहज हार मानायची नाही. "पुरावा आहे का?" "हा विषय आमच्या अखत्यारीत नाही." "लेखी द्या." हे त्यानं विचारलंच पाहिजे. मग कुणीतरी आत येऊन म्हणतं, "लेखी आणलंय, पोच द्या." दुसरी म्हणते, "मी बोलले ते इतिवृत्तात लिहिलं का, वाचून दाखवा." तिसऱ्याला सुचतं की एकट्यानं उभं न राहता चौघांनी मुद्दे वाटून घ्यावेत. सूत्रधारानं यातलं बरोबर-चूक ठरवायचं नाही, फक्त विचारायचं: हे जमेल का आपल्याला?

पहिल्यांदा कुणी आत येत नाही. शांतता पडते, सूत्रधार घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो. त्याला आधीच बजावून ठेवा की थांबायचं. हळूहळू एखादी म्हातारी जागेवरूनच ओरडते, "अवं, तिले म्हणा कागद दाखव!" तिला हाताला धरून आत आणा.

७. परवानगी आणि कागद

शहरात प्रयोगाआधी स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्या. मैदान किंवा चौक महापालिकेचा असेल तर झोन कार्यालयात वेगळा. गावात ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणं. त्या दिवसांत जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते विचारा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली असे आदेश वरचेवर निघतात. भोंग्याची परवानगी वेगळी लागते, रात्री १० ते सकाळी ६ लावता येत नाही, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर नाहीच. खरं म्हणजे वस्तीतल्या प्रयोगाला भोंगा लागतच नाही, डफ पुरतो. सभागृहात जाहीर प्रयोग लावायचा असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची भानगड येते, नवख्यांनी सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

फाईलमध्ये एवढं ठेवा:
- अर्जाची पोच घेतलेली प्रत, दोन झेरॉक्स
- प्रयोगाचं टिपण आणि गाण्यांचे शब्द
- सगळ्या नटांच्या ओळखपत्रांच्या प्रती, अल्पवयीन असेल तर पालकांची लेखी संमती
- नोटीस किंवा अधिसूचनेची प्रत, म्हणजे "कशावरून बोलता" याला उत्तर राहतं
- ओळखीच्या वकिलाचा नंबर, कागदावर लिहिलेला. मोबाईल जप्त झाला तर काय?

हिवाळी अधिवेशनात डिसेंबरमध्ये प्रयोग करायचा सगळ्यांना मोह होतो. मोर्चे, यशवंत स्टेडियम, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, सगळं राज्य नागपुरात. पण मोर्चांच्या गर्दीत तुमचं नाटक ऐकू येत नाही आणि बंदोबस्तामुळे हलता येत नाही. तिथे जायचंच तर पाच मिनिटांचा तुकडा न्या, एक गाणं आणि बडग्या. पूर्ण प्रयोग वस्तीत आणि शेजारच्या, अजून नोटीस न आलेल्या वस्तीत करा.

खऱ्या अधिकाऱ्याचं किंवा पुढाऱ्याचं नाव, पाटी, गाडीचा नंबर प्रयोगात नको. बदनामीचा दावा सोडाच, पण दाखल्यावर सही उद्या त्याच माणसाची घ्यायची आहे.

८. सामान

डफ किंवा ढोलकी, खंजिरी, दोन दुपट्टे, एक काठी, एक मोडकी खुर्ची, जुनी फाईल, चष्मा, चुना. चुन्यानं गोल आखा, तेच स्टेज. लाल रंगात आकडा लिहिलेला एक पुठ्ठा, घराच्या भिंतीवरचा तोच आकडा. पडदा, माईक, मेकअप यावर पैसे घालवू नका. नाश्त्यावर घालवा, तर्री-पोह्यांशिवाय तालमीला माणसं टिकत नाहीत.

९. प्रयोगाच्या दिवशी

दोघांनी नाटकात भाग न घेता फक्त कडेनं उभं राहायचं. कोण दारू पिऊन आलंय, कोण चित्रीकरण करतंय, बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, हे त्यांचं काम. दिल्लीच्या जननाट्य मंच या पथनाट्य मंडळाचे सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ प्रयोग चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. हे घाबरवायला सांगत नाही, पण ही खबरदारी नाटकाचाच भाग समजा. कुणी भांडायला आलं तर गाणं सुरू करा आणि बायांना पुढे नका ढकलू. पोलिसांनी थांबायला सांगितलं तर लेखी आदेश मागा, तो मिळो न मिळो, नटमंडळी एकत्रच निघतील हे पाहा.

१०. टाळ्या पडल्यावर लगेच

लोक घरी जायच्या आत बाजूला टेबल मांडा. हरकतीचे छापील नमुने, पेनं, शाईचं पॅड. ज्यांनी नाटकात आत येऊन काही सांगितलं, त्यांचे शब्द कॉलेजच्या पोरांनी लिहून ठेवलेले असतात, तेच त्यांच्या हरकतीत उतरवा. सगळ्यांचा मजकूर एकसारखा झेरॉक्स असला की कचेरीत सगळा गठ्ठा एकच हरकत म्हणून धरला जायची भीती असते. सरुबाईच्या हरकतीत तिची विहीरच आली पाहिजे, सर्व्हे नंबरसकट. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही घ्या.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून हरकती द्यायला जा. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. "एकगठ्ठा ठेवून जा, पोच नंतर देतो" असं ऐकायला मिळेल. तेव्हा काय म्हणायचं, ते सहाव्या पायरीत एव्हाना तुमच्यातल्या चार-पाच जणींना पाठ झालेलं असेल.